पायडल वेगळं पडेल

आयुष्यात मी बऱ्याच अपुऱ्या वस्तू विकत घेतल्या आहेत. सेल नसलेला टॉर्च घेतला आहे. शेवटची सोळा पानं नसलेली रहस्यकथा घेतली आहे. (त्यातला खुनी कोण हे मला आजतागायत ठाऊक नाही. माझा संशय डॉक्टरवर आहे.) एकदा झाकण नसलेला डबा घरी आणला आणि ‘झाकण पुढच्या आठवड्यात येईल’ या दुकानदाराच्या शब्दावर अकरा वर्षं विसंबून राहिलो. पण या सर्व प्रकरणांत एक गोष्ट समान होती. चूक एक तर माझी होती, नाही तर दुकानदाराची. दोघांपैकी कोणीतरी ओशाळलेलं होतं. यंदा मात्र मी ऐंशी हजार रुपये मोजून अशी एक वस्तू घेतली, की तिच्यातला मुख्य भागच गायब होता आणि त्याबद्दल कोणालाही काही वाटत नव्हतं. उलट, लाज वाटायचीच असेल तर ती मला वाटावी, अशी सर्वांची अपेक्षा दिसली.

वस्तू होती सायकल. गायब होतं पायडल. एक नव्हे, दोन्ही.

हे वाचून सायकलीतले जाणकार हसतील हे मी जाणून आहे. त्यांनी खुशाल हसावं. हा लेख त्यांच्याविरुद्धच आहे.

तसा मी सायकलीला नवखा नाही. पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीच्या माणसाला ‘सायकल येते का?’ असं विचारणं म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळ दाखवून ‘हे काय आहे?’ असं विचारण्यासारखं आहे. तासाच्या भाड्यानं आणलेल्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून मी हाफ पायडल शिकलो. १९७८ साली कॉलेजात गेलो तेव्हा वडिलांची बावीस इंची काळी सायकल माझ्याकडे आली. बिल्ला नाही म्हणून, दिवा नाही म्हणून आणि डबलसीट म्हणून, अशा तिन्ही कलमांखाली पोलिसांनी माझ्या चाकांतली हवा सोडलेली आहे. तिच्या उजव्या पायडलाचं रबर केव्हाच निघून गेलं होतं आणि मधल्या उघड्या गजावर चप्पल टेकवून मी पदवीपर्यंत पोहोचलो. पावसाळ्यात चप्पल सटकायची आणि तो गज नडगीवर बसायचा. ती खूण अजून आहे. तात्पर्य, पायडल किती वाईट असू शकतं याची मला पूर्ण कल्पना होती. ते मुळात नसूही शकतं याची नव्हती.

झालं असं, की निवृत्तीनंतर डॉक्टरांनी माझी साखर पाहिली आणि ‘व्यायाम’ हा शब्द उच्चारला. चालण्याचा मला मनस्वी कंटाळा. तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, रोड बाइक घ्या.” हा पुतण्या संगणकाच्या कंपनीत आहे. रविवारी पहाटे साडेचारला उठून तो सायकलवर लोणावळ्याला जातो, तिथे मिसळ खातो आणि परत येतो. मिसळीसाठी एवढं उग्र तप आमच्या काळी कोणी केल्याचं स्मरत नाही. रोड बाइक म्हणजे, त्यानं सांगितलं, रस्त्यावर चालवायची सायकल. मग आम्ही इतकी वर्षं कुठे चालवत होतो, हे विचारायचं मी टाळलं. त्यानंच एका दुकानात सायकल पसंत केली, पैसे मी भरले आणि आठवड्याभरानं टेम्पोतून एक खोकं घरी आलं.

सोसायटीत खोकं आलं की ते उघडेपर्यंत ते सार्वजनिक मालकीचं असतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल आले, सेक्रेटरी आले, पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन सेक्रेटरींच्या मागावर असलेल्या बाई त्यांच्यामागून आल्या. पुढचं चाक बसवलं. हँडल सरळ केलं. सायकल इतकी हलकी, की कर्नलांनी ती करंगळीनं उचलून दाखवली. घंटी नव्हती, स्टँड नव्हता, मडगार्ड नव्हतं, कॅरियर नव्हतं. याची पूर्वसूचना मला होती आणि मी ती मान्यही केली होती. मडगार्ड नसलं तर पाठीवर चिखलाची रांगोळी उठते, पण सायकल चालते. स्टँड नसला तर भिंत आहे. पण क्रँकच्या दोन्ही टोकांना नुसती भोकं पाहून मात्र सभेत शांतता पसरली.

खोकं झटकलं. थर्मोकोल तपासलं. सौभाग्यवतींनी केराची बादली पालथी केली. एक प्लॅस्टिकची पिशवी सापडली. तीत रिफ्लेक्टर होते, दोन षटकोनी चाव्या होत्या आणि एक जाडजूड पुस्तिका होती. त्या पुस्तिकेत पायडल घट्ट कसं बसवावं, ते घट्ट आहे की नाही हे दर वेळी कसं पाहावं आणि न पाहिल्यास हातापायाला काय काय होऊ शकतं, हे सविस्तर दिलेलं होतं. “टेम्पोत राहिलं असेल,” असं सौभाग्यवतींनी निदान केलं. मी टेम्पोवाल्याला फोन लावला आणि तो ‘नाही’ म्हणाल्यावर जरा आवाज चढवला. बिचाऱ्यानं पोरांची शपथ घेतली. संध्याकाळी पुतण्यानं खुलासा केल्यावर मला त्याला पुन्हा फोन करून माफी मागावी लागली. या सबंध प्रकरणात कोणीतरी कोणाची तरी माफी मागितली ती एवढीच, आणि तीही मी.

पुतण्याचा खुलासा असा : “काका, पायडल नसतंच.”

“नसतंच म्हणजे?”

“म्हणजे कंपनी देतच नाही. ते आपलं आपण घ्यायचं.”

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. काउंटरवर एक तरतरीत मुलगा होता. “अंकल, पायडल वेगळं पडेल,” तो अत्यंत गोड आवाजात म्हणाला आणि लगेच विचारता झाला, “कोणती सिस्टीम वापरता?”

मी म्हटलं, “पाय वापरतो.”

यावर त्यानं मला समोर बसवून जे सांगितलं, ते मी इथे प्रामाणिकपणे मांडतो. विरुद्ध बाजू नीट न मांडता भांडणं हा पुणेरीपणाला बट्टा आहे.

पूर्वी शर्यतीतला सायकलस्वार पायडलाला लोखंडी पिंजरा आणि चामडी पट्टा लावून पाऊल त्यात आवळून टाकीत असे. एडी मर्क्स या बेल्जियन गृहस्थानं १९६९ ते १९७४ या काळात टूर द फ्रान्स पाच वेळा जिंकली ती अशा पट्ट्यांतच. पट्टा सोडायचा तर खाली वाकून हातानं. मग लुक नावाच्या फ्रेंच कंपनीनं, जी बर्फावरच्या स्कीला बूट अडकवण्याचे खटके बनवत असे, तोच खटका १९८४ साली पायडलाला आणला. बुटाच्या तळाला एक त्रिकोणी चकती, ती पायडलावर दाबली की ‘खट्’, टाच बाहेर फिरवली की मोकळं. १९८५ ची टूर बर्नार्ड इनो या पायडलांवर जिंकला आणि पट्ट्यांचे दिवस भरले. आता गंमत अशी, की जुन्या पिंजऱ्याला क्लिप म्हणत. नव्यात पिंजरा नाही, म्हणून त्याचं नाव ‘क्लिपलेस’. म्हणजे ज्यात पाय क्लिपसारखा अडकतो त्याला म्हणायचं क्लिपलेस, आणि ज्यात काहीच अडकत नाही त्याला म्हणायचं फ्लॅट. आमच्या वाड्यात एका अत्यंत काळ्या गृहस्थांना सगळे गोरेकाका म्हणत. पण ते निदान त्यांचं आडनाव होतं.

पुढे मग जी व्हायची ती भाऊबंदकी झाली. लुकची चकती वेगळी, शिमानोची वेगळी. दोन्ही बुटाला तीनच स्क्रूंनी बसतात, पण हिची चकती तिच्या पायडलात जाईल तर शपथ. शिमानोनं १९९० साली डोंगरातल्या सायकलींसाठी आणखी एक दोन स्क्रूंची जात काढली. चार स्क्रूंचीही एक आहे. त्यातून पुन्हा रंग! शिमानोची रस्त्यावरची चकती पिवळी असेल तर अडकलेल्या पावलाला ६ अंश हलायची मुभा, निळी असेल तर २ अंश, लाल असेल तर शून्य. “गुडघ्याला किती फ्लोट लागतो त्यावर ठरवायचं, अंकल.” माझ्या गुडघ्याचं मत आजवर कोणी विचारलं नव्हतं. मला क्षणभर भरून आलं.

आता त्यांचा मुद्दा असा : गिऱ्हाइकाचे बूट कोणते, चकती कोणती, गुडघा कोणत्या विचारांचा, हे कारखान्याला कुठून कळणार? त्यातून हौशी सायकलवाला जुन्या सायकलवरची पायडलं काढून नव्या सायकलला लावतो. त्याच्याकडे ती आहेतच. मग कंपनीनं दिलेली तो काय करील? फेकून देईल. तेव्हा न दिलेलीच बरी.

मुद्दा चोख आहे. मर्क्स किंवा इनो उद्या त्या दुकानात आले तर त्यांना मी स्वतः सांगेन, की महाराज, आपापली पायडलं घेऊन या. पण दुकानात मर्क्स गेला नव्हता. मी गेलो होतो.

रविवारी पुतण्या जेवायला आला तेव्हा या विषयावर खडाजंगी झाली. तो म्हणाला, “काका, चष्म्याची फ्रेम घेता तेव्हा काचा वेगळ्याच घेता ना? ज्याचा त्याचा नंबर.”

दाखला इतका बिनतोड होता, की मी दोन पुरणपोळ्यांच्या अवधीपर्यंत निरुत्तर झालो. दूध वाढता वाढता उत्तर सापडलं. अरे, चष्मेवाला नुसती फ्रेम कागदात गुंडाळून, पैसे घेऊन, ‘या आता’ असं म्हणतो का? तो आधी खुर्चीवर बसवतो, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो, ‘हे बरं की हे बरं’ असं वीस वेळा विचारतो. काचांशिवाय चष्मा ही कल्पनाच त्याला शिवत नाही. तुमच्या दुकानात माझे ऐंशी हजार घेताना ‘हे बरं की हे बरं’ असं कोणी विचारलं? मी पायडल कुठलं लावणार, माझ्याकडे आहे की नाही, हा प्रश्न पैसे घेताना कोणालाच पडला नाही. तो खोकं फोडल्यावर मला एकट्याला पडला. नंबर ज्याचा त्याचा असतो हे खरं, पण तो काढून देणं हे दुकानाचं काम असतं.

“तुम्ही मुद्दा भलतीकडे नेताय, काका.”

“मुद्दा पायडलाकडेच नेतोय. तुमच्या सायकलवर तो पोचायला वेळ लागतो.”

मग त्यानं वजनाची गोष्ट काढली. रोड बाइकवाल्यांचा वजनावर फार जीव. ग्रॅमा-ग्रॅमाचा हिशोब. पायडलांची बरी जोडी पाव किलोच्या आसपास भरते. आणि कंपन्या यादीत सायकलचं जे वजन छापतात ते बहुधा पायडलांविना केलेलं असतं. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या एका स्नेह्यांनी वजन कमी करण्याचा विडा उचलला होता. ते रोज काट्यावर उभं राहण्याआधी चष्मा, घड्याळ, किल्ल्या आणि दातांची कवळी काढून ठेवीत आणि मग आकडा वाचायला चष्मा नाही म्हणून बायकोला हाक मारीत. त्यांना आम्ही हसत होतो. इथे तेच काम मोठमोठ्या कंपन्या चकचकीत कागदावर करतात आणि त्याला तपशील म्हणतात. शर्यतीतल्या सायकलचं वजन ६.८ किलोच्या खाली नको असा जागतिक सायकल संघटनेचा २००० सालापासूनचा नियम आहे, पण तिथे सायकल तोलतात ती पायडलांसकट. कारण त्यांना ती चालवायची असते.

“आणि किंमत?” मी विचारलं. “पायडल काढलं तर किंमत किती उतरवली?”

पुतण्यानं आमटी मागितली.

आता सर्वांत मोठी गोम सांगतो. ही मला आमच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं शिकवली. पिंपळाखाली पत्र्याची टपरी, दारात हवेचा पंप, असं त्याचं संस्थान आहे. मी ती बिनपायडलाची सायकल ढकलत त्याच्याकडे नेली. ढकलतानाही लोक पाहत होते. पंक्चर झालेली सायकल ढकलणाऱ्याबद्दल लोकांना सहानुभूती वाटते, बिनपायडलाची ढकलणाऱ्याबद्दल शंका येते. मिस्त्रीनं सायकल न्याहाळली, टिचकी मारून पाहिली आणि विचारलं, “केवढ्याला पडली, साहेब?” मी निम्मी किंमत सांगितली. तरीसुद्धा तो स्टुलावर बसला.

मग फळीवरची साधी प्लॅस्टिकची जोडी काढून त्यानं त्यावरची धूळ पुसली. मी म्हटलं, “अहो, ही परदेशी बनावटीची आहे. हिला ही कशी बसतील?” तो नुसता हसला. उजवं बसलं. डावं त्यानं उलट्या बाजूनं फिरवलं, तेही बसलं.

“डाव्याचे आटे उलटे असतात, साहेब. सरळ आट्यांचं असतं तर चालवता चालवता सैल होऊन वेगळं पडलं असतं.”

म्हणजे ‘वेगळं पडेल’ या शब्दांचा खरा अर्थ या माणसाला ठाऊक होता.

भोक सगळीकडे एकच! मोठ्या माणसांच्या आजच्या जवळजवळ सर्व सायकलींच्या क्रँकला तेच ९/१६ इंचाचं भोक आणि इंचाला २० आटे. दूधवाल्याच्या सायकलला तेच आणि माझ्या ऐंशी हजारांच्या सायकललाही तेच. चकत्या, खटके, रंग, अंश, ही सगळी भाऊबंदकी पायडलाच्या वरच्या अंगाला आहे. खाली, जिथे पायडल सायकलला भेटतं, तिथे जगभर एकमत आहे. संयुक्त राष्ट्रसंघाला जे साधलं नाही ते या भोकानं साधलं आहे. असं असताना कारखान्यानं साधी, स्वस्त, सपाट जोडी पिशवीत टाकली तर कोणाचं काय बिघडतं? ज्याला खटक्याची हवीत त्यानं दोन मिनिटांत ती काढावी, आपली लावावी. मिस्त्रीनं जोडीचे दोनशे रुपये घेतले. मजुरी घेतली नाही. वर हवा मारून दिली. काही कंपन्या अजूनही अशी जोडी देतात म्हणे, काही दुकानदार स्वतःहून लावून देतात. त्यांचं भलं होवो. मी बोलतोय ते बाकीच्यांबद्दल.

एवढ्यावर हे प्रकरण मिटलं असतं आणि मी हा लेखही लिहिला नसता. मी त्या प्लॅस्टिकच्या पायडलांवर रोज सकाळी विद्यापीठापर्यंत जाऊन येऊ लागलो. (पुतण्याच्या आग्रहाखातर एकदा त्याचे बूट घालून खटक्याची पायडलंही चालवून पाहिली. सिग्नलला थांबलो, पाय सुटेना, आणि संपूर्ण स्थिर अवस्थेत, उभ्याचा आडवा झालो. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, “चक्कर आली का, आजोबा?” तो विषय तिथेच संपला.) पण मग घंटी घ्यायला मी पुन्हा त्या दुकानात गेलो.

काउंटरपाशी एक गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, गावाकडचे. बरोबर तेरा-चौदा वर्षांची मुलगी, शाळेच्या खेळाच्या कपड्यांत, दोन घट्ट वेण्या. तिची शर्यतीसाठी निवड झाली होती, एवढं त्यांच्या बोलण्यावरून कळलं. आतापर्यंत ती भावाच्या साध्या सायकलवर पळत होती आणि सरांनी सांगितलं होतं, की आता शर्यतीची सायकल पाहिजे. दुकानातली त्यातल्या त्यात स्वस्त अशी एक लाल सायकल तिनं एका हातानं धरून ठेवली होती, कोणी घेऊन जाईल अशा बेतानं. वडिलांनी पिशवीतून पैसे काढून दोनदा मोजले आणि काउंटरवर ठेवले.

“पायडल लावून द्या,” ते म्हणाले.

“काका, पायडल वेगळं पडेल.” आवाज तितकाच गोड.

“म्हंजे?”

मुलानं समजावून सांगितलं. शर्यतीची पायडलं, त्याचे बूट, चकत्या, सगळं मिळून दहा-बारा हजारांपर्यंत जाईल. गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी सायकलकडे पाहिलं. खाली वाकून त्या भोकाकडे पाहिलं. मग पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी होती हे त्यांनाही ठाऊक असणार, पण हात घातला. मुलगी मात्र हुशार. तिनं सायकलवरचा हात काढून घेतला आणि भिंतीवरच्या हेल्मेटांकडे बघत म्हणाली, “ऱ्हाऊ द्या बाबा. दादाची हाय ती बरी हाय.”

मी आयुष्यात दुकानात भांडण केलेलं नाही. भाजीवाल्याशीदेखील माझ्या वतीनं सौभाग्यवती भांडतात. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी मिस्त्रीच्या टपरीवर ऐकलेलं सगळं, ९/१६ इंचासकट, त्या मुलाच्या अंगावर ओतलं. “साधी जोडी लाव तिला! दोनशे रुपयांची! पळू दे तिला!” तो गांगरला. त्यानं मागे वळून पाहिलं. मालक जेवायला गेले होते. मग तो आत गेला, एक खण ओढल्याचा आवाज आला, आणि तो प्लॅस्टिकची काळी जोडी घेऊन बाहेर आला. गिऱ्हाइकाला चालवून बघायला देताना लावतात त्यांतली. तसल्या जोड्यांनी तो खण भरलेला होता!

म्हणजे होती. त्याच दुकानात, मी ढकलत ढकलत मिस्त्रीकडे गेलो त्या दिवशीही, ती खणात होती. गिऱ्हाइकानं विकत घेण्याआधी चालवून बघावी म्हणून पायडल लावायचं आणि त्यानं पैसे दिले की काढून घ्यायचं, असा तो व्यवहार होता. ज्याच्याकडे घरी चार जोड्या पडल्या आहेत त्याची अडगळ वाढू नये म्हणून ही व्यवस्था, आणि ज्याच्याकडे एकही नाही तो मधल्या मध्ये रिकाम्या पिशवीत हात घालतो. आमच्या वेळी सायकल दूधवाल्याची होती, पेपरवाल्याची होती, कारकुनाची आणि कॉलेजच्या मुलांची होती. ती घ्यायला आधीपासून सायकलवाला असावं लागत नसे. आता जिमखान्याच्या सभासदत्वासारखं झालं आहे : अर्जावर दोन जुन्या सभासदांच्या सह्या आणा.

त्या मुलानं जोडी बसवली. डावं आधी सरळ फिरवायला गेला, मी त्याला थांबवलं. पैसे घेतले नाहीत. “मालकांना सांगू नका, अंकल,” एवढंच म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं केलं ते चांगलंच केलं. पण सायकलला पायडल असणं ही मालक जेवायला गेल्यावर करायची गोष्ट आहे का, एवढंच माझं म्हणणं आहे. मुलीनं दुकानासमोरून एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या वेळी ती लवकर परत येईना तेव्हा वडील रस्त्यावर येऊन उभे राहिले, हसत.

घरी येऊन मी पुतण्याला फोन केला. “तुमच्या त्या मिसळ मंडळात कोणाकोणाच्या घरी साधी पायडलं पडून आहेत?” तो म्हणाला, “काका, सगळ्यांच्याच.” आठ दिवसांत त्यानं बाजारच्या पिशवीत भरून अकरा जोड्या आणि एक सुटं डावं आणून दिलं. त्या सुट्याचं उजवं कुठे गेलं असेल, याचा आम्ही बराच विचार केला. सौभाग्यवतींचा संशय अजूनही टेम्पोवाल्यावर आहे.

पिशवी घेऊन मी दुकानात गेलो. या वेळी मालक हजर होते. मी काउंटरवर पिशवी ठेवताच त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “साहेब, परत घेत नाही आम्ही. बिल आहे का?”

मी सगळं समजावून सांगितलं. की परत करायची नाहीत, विकायची नाहीत, फुकट आहेत. कोणी नवा माणूस सायकल घ्यायला आला आणि त्याच्याकडे पायडल नसलं, तर यातली जोडी लावून द्यायची. त्यांनी एक जोडी हातात घेतली, फिरवून पाहिली, पिशवी खाली सरकवली. विचार त्यांना पटलेला दिसला.

“चालेल,” ते म्हणाले. “बसवायची मजुरी वेगळी पडेल.”